सव्विसावा माणूस

पंचवीस माणसांच्या लग्नात फोटोग्राफर हा सव्विसावा असतो. हजार माणसांच्या गर्दीत तो विरघळून जातो. खांद्याला दोन कॅमेरे आणि मागे दिवा धरलेला पोऱ्या असला तरी कुणी वळून बघत नाही. एका खोलीतल्या लग्नात मात्र तो नुसता खाकरला तरी सगळ्यांना कळतं. म्हणून इथे आधी माणूस बघावा आणि मग त्याचे फोटो. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

माणूस बघायचा म्हणजे अर्धा तास समोरासमोर बसायचं. हा सारखी पोझ सांगणारा आहे का? बोलता बोलता खोलीतला उजेड न्याहाळतो का? फोटो बघताना निवडक वीस मागू नयेत. वीस लग्नांतून वीस सुंदर फोटो कुणाचेही निघतात. एकाच छोट्या लग्नाचे, शक्यतो घरातल्या, कमी उजेडाच्या लग्नाचे, गिऱ्हाइकाला दिलेले सगळेच्या सगळे फोटो मागावेत. दीडशेव्या फोटोपाशी खरा फोटोग्राफर दिसायला लागतो.

‘छोटंच तर लग्न, त्यात काय एवढं अवघड’ या समजाइतका घातक समज नाही. खोली लहान म्हणजे मागे सरकायला जागा नाही. 70-200 मिलिमीटरच्या, दूरचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सचं जाडजूड नळकांडं घेऊन आलेला माणूस पाठ भिंतीला टेकवूनही दोघांना नीट चौकटीत बसवू शकत नाही. इथे 35 आणि 50 मिलिमीटरच्या, झूम नसलेल्या लेन्स कामाला येतात. त्या एफ 1.8 पर्यंत उघडतात (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं), म्हणजे एफ 2.8च्या झूमपेक्षा दुपटीहून जास्त उजेड आत घेतात. पण त्यातही मेख आहे. तेवढं उघडून जवळून फोटो काढला की नवरीचे डोळे लख्ख आणि वीतभर मागे असलेला नवरा धूसर. पुढे संसारात काय व्हायचं ते होईल, निदान फोटोत तरी दोघं स्पष्ट हवीत. जाणता फोटोग्राफर अशा वेळी एफ 2.8 किंवा 4 वर जातो किंवा दोघांचे चेहरे एका रेषेत येईपर्यंत थांबतो.

उजेडाचं दुखणं आणखी वेगळं. खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश साधारण 5500 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका प्रकाश निळसर, लहान तितका पिवळसर), तर डोक्यावरचा पिवळा दिवा 2700चा. एक गाल निळसर, दुसरा नारिंगी! एडिटिंगमध्ये एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. उपाय फुकटचा आहे: दिवे बंद करायचे आणि दोघांना खिडकीच्या जवळ, खिडकी बाजूला येईल असं उभं करायचं. खिडकी पाठीशी आली तर चेहरे काळवंडतात. यासाठी आठवडाभर आधी, लग्नाची जी वेळ असेल त्याच वेळी, फोटोग्राफरला जागा दाखवावी. सकाळी दहाला बघून ठेवलेली खिडकी दुपारी चारला ओळखही दाखवत नाही. फ्लॅश छतावर मारून उजेड खाली आणता येतो, पण छत पांढरं आणि फार उंच नसेल तरच. लाकडी छत असेल तर सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसतात.

मग शटरचा आवाज. शांत खोलीत तो टिकटिकाट पहिल्या पाच मिनिटांतच नकोसा होतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात आवाज पूर्ण बंद करता येतो. मात्र त्या पद्धतीत अनेक कॅमेरे चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने टिपतात. स्वस्तातले एलईडी दिवे 50 हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. ‘आवाज बंद करून एलईडीखाली काढलेले फोटो दाखवा’ असं म्हणून बघा, समोरच्याचा अनुभव लगेच कळेल.

ग्रुप फोटोत हमखास कुणीतरी डोळे मिटतं. यावर निक स्वेनसन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी चक्क गणित मांडलं आणि 2006 सालचं गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भागा, कमी उजेडात 2 ने. तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळजवळ खात्री. बारा जणांना चार किंवा सहा. प्रत्येक गटाला दोन-तीन मिनिटं धरली तर आठ गटांना वीस-पंचवीस मिनिटं जातात. गटांची यादी आधीच करावी आणि नावं पुकारायला घरचाच कुणीतरी खड्या आवाजाचा माणूस नेमावा. म्हाताऱ्या माणसांना पहिल्या गटांत घ्यावं, म्हणजे त्यांना टेकता येईल.

‘आपल्या मित्राकडे भारी कॅमेरा आहे की’ हा पर्याय कुठल्याही लग्नात निघतोच. मित्र उत्साहाने हो म्हणतो आणि दिवसभर लग्नाला हजर असूनही लग्नाला नसतो. फोटो बिघडले तर त्याला बोलताही येत नाही. एकवेळ कमी तास ठरवा, पण पैसे देऊन ठरवा. तीन-चार तास पुरतात. ड्रोन, दुसरा फोटोग्राफर, जाडजूड आल्बम हे मोठ्या लग्नांसाठी बांधलेल्या पॅकेजमधलं सामान बिनधास्त कमी करायला सांगावं. कागदावर मात्र सगळं हवं: तास, फोटोंची संख्या, मिळण्याची तारीख, ॲडव्हान्स, तो आजारी पडला तर कोण येणार, आणि तुमचे फोटो तो जाहिरातीला वापरणार की नाही. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवतो का, हेही विचारावं. कार्ड मधेच दगा देतं आणि लग्न काही परत लावता येत नाही. फोटोंची लिंक आली की ती मुदतीत उतरवून दोन वेगवेगळ्या जागी ठेवायची. लिंक म्हणजे तिजोरी नव्हे.

आणि पानांचा हिशेब सव्विसाचा करावा. घास तोंडात असतानाचा फोटो कुणालाच नको असतो, तेव्हा मंडळी जेवतात त्याच वेळी त्यालाही पंगतीत बसवावं. सगळ्यांचं उरकल्यावर बसवलं तर नेमका निरोपाच्या वेळी तो हात धूत असतो. तीन तास न बोलता वावरलेला माणूस असा शेजारी येऊन बसला की कुणीतरी आपुलकीने विचारतंच, ‘तुम्ही कुणाकडचे?’