घरच्या भूकंपमापकाची नोंद : ०.३ चा घोळ

मागील नोंदीनंतर जिओफोन (जमिनीच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा संवेदक) वाहनतळाच्या फरशीवरून हलवून जिन्याखालच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर आडवा बसवला आहे. कोथरूडच्या वाहतुकीची थरथर दिवसा अजूनही आलेख व्यापून टाकते; परंतु पहाटे तीनच्या सुमारास तो पुरेसा शांत असतो आणि अशाच एका पहाटे कोयना परिसराच्या अंतरावरचा एक लहान धक्का प्रथमच स्वच्छ उमटला.

प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनात १५ सेकंदांचा फरक होता. त्यांचे वेग सेकंदाला सुमारे ६ आणि ३.५ किलोमीटर धरले, तर फरकाच्या प्रत्येक सेकंदामागे ८.४ किलोमीटर, म्हणजे एकूण १२६ किलोमीटर होतात. कोयना धरण पुण्याहून सरळ रेषेत साधारण तेवढेच दूर आहे.

घोळ झाला तो महत्ता, म्हणजे भूकंपाच्या आकाराचा रिश्टरसारखा आकडा, काढताना. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी केलेल्या मांडणीनुसार, १०० किलोमीटरवरील वुड-अँडरसन या जुन्या भूकंपमापक यंत्रावर १ मिलिमीटरचा आयाम (लहरीची उंची) उमटला, तर महत्ता ३ मानतात. ते यंत्र आपल्याकडे नसल्यामुळे आधी जिओफोनचा स्वतःचा प्रतिसाद, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना असलेली त्याची कमी-जास्त संवेदनशीलता, काढून टाकावा लागतो (माझा ४.५ हर्ट्झच्या खाली झपाट्याने मंदावतो) आणि मग त्या यंत्रावर हीच नोंद कशी दिसली असती, ते गणिताने उभे करावे लागते. यंत्राचे विवर्धन वगळून नॅनोमीटरमध्ये मिळालेल्या आयामाचा दहा पायाचा लॉगॅरिथम घ्यायचा. त्यात किलोमीटरमधील अंतराच्या लॉगॅरिथमची १.११ पट आणि त्या अंतराची ०.००१८९ पट मिळवायची, शेवटी २.०९ वजा करायचे. माझा आयाम २,००० नॅनोमीटर भरला आणि महत्ता ३.८ आली. दोन दिवसांनी ध्यानात आले की मी लहरीच्या माथ्यापासून तळापर्यंतची पूर्ण उंची घेतली होती, तर सूत्राला मध्यरेषेपासून माथ्यापर्यंतचीच हवी असते. आयाम निम्मा करताच महत्ता ३.५ झाली.

आयामात दुपटीची चूक होऊनही आकडा अवघ्या ०.३ ने सरकला, ही लॉगॅरिथमची मेहेरबानी. पण ती फसवी आहे. महत्ता १ ने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे या ०.३ मुळे मी धक्क्याची ऊर्जा जवळजवळ २.८ पट फुगवली होती. (वर्तमानपत्रे महत्तेलाच तीव्रता म्हणतात, हे मला नेहमी खटकते, तीव्रता गावागणिक बदलते, महत्ता एका भूकंपाची एकच असते.)

३.५ वरही माझा पूर्ण भरवसा नाही. सूत्रातील अंतराचे गुणक कॅलिफोर्नियाच्या खडकांचे आहेत आणि दख्खनच्या जुन्या, स्थिर कवचात लहरी तुलनेने कमी विरतात. त्यामुळे माझा आकडा थोडा चढाच असावा. हँक्स आणि कानामोरी यांनी १९७९ मध्ये मांडलेली मोमेंट महत्ता हा अधिक पक्का मार्ग आहे, कारण ती खडकाची दृढता, सरकलेल्या भ्रंशाचे (खडकातील भेगेचे) क्षेत्रफळ आणि सरकण्याचे अंतर यांच्या गुणाकारावर उभी आहे. मात्र त्यासाठी वर्णपटाचा (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, या आलेखाचा) कमी वारंवारतेकडील सपाट भाग दिसायला हवा आणि माझ्या जिओफोनच्या नोंदीतला नको असलेला गोंगाट नेमका तिथेच वर चढतो. म्हणून तूर्त १ हर्ट्झपर्यंतच्या कमी वारंवारता पकडणारा जुना जिओफोन कुठे मिळतो का, ते पाहत आहे.