तळ्यांची वही : चौथा महिना, दहापैकी सात

मंडळी, मागच्या वेळी वहीत तीन तळी होती, आज सात आहेत. सातही ठिकाणी पायी जाऊन आलो. पाणी एकाही जागी दिसलं नाही, पण ते अपेक्षितच होतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मुंबईत तळ्यांच्या नावाचे पत्ते आहेत, तळी बुजली. धोबी तलाव, सीपी टँक, गोवालिया टँक, दोन टाकी, बाबुला टँक, खारा तलाव, नवाब टँक, फाशी तलाव, मुंबादेवीचं तळं आणि बाणगंगा अशी माझी दहाची यादी आहे. जुन्या नकाशावरून तळ्याचा काठ उतरवायचा, तो आजच्या नकाशावर बसवायचा आणि मग त्या काठाने चालत एक फेरी मारायची. फेरी झाली की नावापुढे टिक. बाणगंगेत अजून पाणी आहे, तिथे शोधायचं काय, म्हणून ती शेवटी ठेवली आहे.

या महिन्यातले पहिले दोन आठवडे फुकट गेले, आणि चूक माझीच. लॉटनने १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या मोजणीचे नकाशे मी संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवत होतो. जुळवणीसाठी खुणेचे बिंदू लागतात. मी सोयीचे म्हणून रस्त्यांचे कोपरे घेतले. तळं दर वेळी कुठल्यातरी इमारतीच्या तिसऱ्या जिन्यात जाऊन बसायचं. कागद आक्रसला असेल म्हणून स्कॅनला शिव्या घातल्या. मग डोक्यात प्रकाश पडला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारण्यासाठीचं मंडळ, आला आणि त्याने या भागात रस्ते रुंद केले, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड तर वस्तीतून नव्याने काढले. ज्या कोपऱ्यांवर मी भरवसा ठेवला होता ते स्वतःच सरकलेले! समुद्राकडची बाजूही कामाची नाही. भराव घालून किनाराच पुढे नेलेला.

आता बिंदू घेतो ते देवळांचे, चर्चचे आणि विहिरींचे. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस १७१८ पासून जागचं हललेलं नाही. क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरची भिखा बेहराम विहीर १७२५ ची. असे सहा बिंदू धरले आणि धोबी तलाव निमूटपणे जागेवर आला.

तिथली फेरी सगळ्यात मजेची झाली. भुयारी मेट्रोने काळबादेवीला उतरलो. वर आल्यावर एकाला रस्ता विचारला तर म्हणाला, "मेट्रोपासून डावीकडे." मी परत जिन्याकडे वळलो. त्याला १९३८ चं मेट्रो थिएटर म्हणायचं होतं! फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत तळ्याच्या काठावरच उभारलेली, त्यामुळे एक बाजू तरी पक्की मिळते. फ्रामजींनी १८३१ मध्ये या तळ्याच्या दुरुस्तीवर मोठी रक्कम खर्च केली म्हणून तळ्याला त्यांचं नाव मिळालं, असं तिथली पाटी सांगते. लोकांनी मात्र नाव धोब्यांचंच चालवलं. पैसे घालणाऱ्यापेक्षा कपडे आपटणारे वरचढ ठरले, हे मला फार आवडतं.

सीपी टँक म्हणजे कावसजी पटेल टँक. आता तो चौक आहे. भर दुपारी हातगाड्या चुकवत काठ चालणं म्हणजे शिक्षाच, पण जवळच्या पांजरपोळात डोकावून आलो. मोकाट कुत्री मारण्यावरून शहरात दंगा झाला, त्यानंतर १८३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. आत गाई निवांत रवंथ करत होत्या आणि बाहेर भुलेश्वरची गर्दी.

गोवालिया टँकला मी मुद्दाम ९ ऑगस्टला गेलो. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री 'छोडो भारत'चा ठराव इथे झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेते अटकेत असताना, अरुणा असफ अलींनी इथेच झेंडा फडकवला. तळं तोवर मैदान झालेलं होतं. नावात गवळी आहेत, ते इथे गुरं आणत. कार्यक्रम आटोपून गाड्या निघून गेल्या, तेव्हा कुठे काठ नीट चालता आला.

दोन टाकी आणि बाबुला टँक, टिक. मुंबादेवीलाही टिक, गर्दीमुळे फेरी दोनदा तुटली. फाशी तलावाला जाऊन आलो म्हणून टिक, पण फेरी झाली नाही म्हणून सोबत फुलीही मारली आहे. तो बोरीबंदराजवळचा, मुंबादेवीचं जुनं देऊळही तिथलंच. पण त्या जागी आता सीएसएमटी आहे. फलाटावरून काठ कसा चालणार? कुणाला सुचलं तर सांगा.

तळी गेली कशाने, हे मागच्या वेळी एकाने विचारलं होतं. १८५४ चा पाण्याचा दुष्काळ शहराला फार जाचला, मग विहार तलावाचं काम निघालं आणि १८६० मध्ये नळाला पाणी आलं. नळ आल्यावर तळ्याचं साचलेलं पाणी कोण पिणार! पुढे १९११ मध्ये डॉ. बेंटलींनी मलेरियावरचा अहवाल दिला. मलेरियाचे डास विहिरींत वाढतात असं त्यात होतं, आणि मग विहिरी बुजवण्याचा, झाकण्याचा सपाटा सुरू झाला. पूजेच्या पाण्यावर ऊन पडायला हवं असा धार्मिक आक्षेप आला, म्हणून काही झाकणांत जाळीची खिडकी ठेवली गेली.

हे वाचून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. गेल्या रविवारी सीपी टँककडून गिरगावात उतरताना एका वाडीत शिरलो. चाळीच्या मागच्या अंगाला कमरेएवढा दगडी कठडा, वर गंजलेला लोखंडी पत्रा, पत्र्यात हातभर रुंदीची बारीक जाळी. जाळीवर तुळशीची चार सुकलेली पानं. मी फोन काढला तोच गॅलरीतून आवाज आला, "बिल्डरकडून आलायत का?"

"नाही आजी, छंद आहे. जुनी तळी शोधतो."

"तळं नाही हो, विहीर आहे ती. खाली वाकून बघा. मोबाईल पडेल, सांभाळा."

वाकलो. डोळे सरावायला वेळ लागला. मग खाली चौकोनी आकाश दिसलं, आणि त्यात माझं डोकं.

वहीत विहिरींसाठी रकानाच नव्हता. आता आखलाय.