तुम्ही विचारलंत म्हणून: तिला नाही, मग मलाच का?

आम्ही दोघी कुठल्याही लग्नाला, बारशाला एकत्र गेलो की कुणीतरी विचारतंच. "तुम्ही हुबेहूब जुळ्या ना? मग सोरायसिस तुलाच कसा? तिला का नाही?" सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल, खवलेदार चट्टे उठण्याचा आजार. यामागे आणखी एक प्रश्न असतो. तो कुणी तोंडाने विचारत नाही, पण मला ऐकू येतो: तू असं काय केलंस?

काही केलं नाही. आज हे ठणकावून सांगते, पण पंचविशीतली मी तसं मानत नव्हते. वांगं सोडलं, दही सोडलं, लोणचं सोडलं. एक काकू म्हणाल्या, दूध आणि मासे एकत्र पोटात गेले की असं होतं. आमच्या शाकाहारी घरात मासे येणार कुठून, हे त्यांना विचारायचं सुचलं नाही. मी दूध सोडलं.

झालं ते एवढंच. दहावीच्या वर्षी एकाच आठवड्यात दोघींचा घसा धरला. ताप तोच, औषध तेच, गुळण्याही एकाच पातेल्यातल्या पाण्याने. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पाठीपोटावर पावसाचे थेंब पडावेत तसे लाल ठिपके उठले. तिच्या अंगावर एकही नाही. घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग झाला की दोन-तीन आठवड्यांनी असा ठिपक्यांचा सोरायसिस उठू शकतो, हे फार पुढे कळलं. काहींचा तो आपोआप जातो. माझा गेला नाही. कोपर, गुडघे, डोकं, आणि जिथे परकराची नाडी घासते ती कंबरेची रेघ. खरचटलं, घासलं की तिथेच नवा चट्टा येतो.

आता जनुकांचं. सोरायसिसचं एकच असं जनुक नाही. गुणसूत्रांवर त्याच्याशी संबंधित साठाहून जास्त जागा सापडल्या आहेत आणि बहुतेकींचा वाटा अगदी थोडा आहे. मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-सी या जनुकाच्या ०६:०२ या प्रकाराचा. तो असणाऱ्यांना आजार सहसा लवकर, चाळिशीच्या आत सुरू होतो, घशाच्या संसर्गानंतर उठतो आणि अंगभर पसरतो. सांधे धरलेच तर उशिरा धरतात. वाचताना वाटलं, कुणी माझाच केसपेपर लिहिलाय. तपासणी मी करून घेतलेली नाही, उपचारासाठी ती लागलीही नाही. पण माझ्यात तो असेल तर तिच्यातही असणारच. आणि तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर सोरायसिस होत नाही, हेही तितकंच खरं.

डेन्मार्कमध्ये तेहतीस हजारांहून जास्त जुळ्यांचा अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निघालं ३३ टक्के. वेगवेगळ्या बीजांडांच्या जुळ्यांत १७. म्हणजे रक्ताचा हात नक्की आहे, आणि तरी आमच्यासारख्या जोड्याच जास्त. तुम्ही ज्याला नवल समजता ते नवल नाही.

इतकं सांगूनही तुमचं समाधान होत नाही, ठाऊक आहे. माझंही होत नाही. तेच जनुक, तोच जंतू, तेच घर. मग?

तिच्या लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. मुलाकडचे यायचे त्या दिवशी आईने मला मावशीकडे पाठवलं होतं. पण जुळी बहीण किती दिवस लपणार! त्यांना कळलं. मुलाच्या आत्याने निरोप धाडला: दोघी एकाच बीजाच्या, तेव्हा हिला पुढे होणार नाही असं डॉक्टरांचं लिहून आणा.

आई, ती आणि मी, तिघी गेलो. डॉक्टरांनी तिची वेणी सोडायला लावली. कंगव्याने भांग पाडून पाडून टाळू पाहिली. कानांमागे, कोपरांवर, गुडघ्यांवर, बेंबीत. नखांवर खळगे आहेत का, म्हणून एकेक बोट उजेडात धरलं. मी भिंतीशी उभी होते. ती कोपरं माझीच होती, फक्त गुळगुळीत. आणि एकदा सांगूनच टाकते: एखादा चट्टा सापडावा असं मला वाटत होतं. छोटासा, केसांत झाकला जाईल असा. तुम्हाला हे वाईट वाटेल, वाटू दे. त्या खोलीत मी एकटी पडले होते.

काही सापडलं नाही. "आज तपासणीत सोरायसिसची लक्षणं नाहीत," असं त्यांनी लिहून दिलं. आई म्हणाली, "पुढेही होणार नाही, एवढी एक ओळ घाला." त्यांनी पेनला टोपण लावलं. म्हणाले, "ताई, ही ओळ मी माझ्या स्वतःबद्दलही लिहून देऊ शकत नाही."

स्थळ गेलं. परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "तू आत कशाला आलीस?" पुढे तिचं लग्न झालं, चांगलं झालं. ते वाक्य मात्र आम्ही दोघींनी पुन्हा काढलेलं नाही.

माझंही लग्न झालं, एक मुलगा आहे. आता तुम्ही विचारता, "त्याला तर होणार नाही ना?" आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाचा धोका इतरांपेक्षा जास्त, दोघांना असेल तर आणखी जास्त, पण होईलच असं नाही. हा प्रश्न तुम्ही मला कितीदा विचारलात, आणि तिला कधी? तिला दोन मुली आहेत. चट्टे माझ्या अंगावर असले तरी आईकडून मुलांत उतरायचं ते आमच्या दोघींकडे सारखंच. माझ्या मुलाला माझ्याकडून जेवढा धोका, जवळपास तेवढाच तिच्या मुलींना तिच्याकडून. तिचं अंग स्वच्छ म्हणून तिचं रक्त वेगळं झालं का?

हे मी गेल्या दिवाळीत जेवताना बोलून गेले. तिने ताट सरकवलं. म्हणाली, "तुझं हे गणित माझ्या पोरींपासून लांब ठेव. थोरलीचं यंदा बघायला सुरुवात करायची आहे." मी म्हटलं, "मग काय, मला पुन्हा मावशीकडे पाठवणार?" ती काही बोलली नाही. थोरली मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, मला सांग ना नीट, काय असतं ते."