आमची वाटचाल : वेबसाइट हलवण्याचं काम

आम्ही सांगलीत वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे बेदाण्याचे व्यापारी, पतसंस्था, शाळा, एखादं साप्ताहिक. नवीन साइट बनवून द्यायची, होस्टिंग घेऊन द्यायचं, एवढंच. पण हळूहळू लोक वेगळंच काम घेऊन यायला लागले, की आमची साइट जुन्या सर्व्हरवर आहे, तो बंद होतोय, दुसरीकडे हलवून द्या. २०१९ मध्ये सीपॅनलने (सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) अकाउंटच्या संख्येवर पैसे लावले तेव्हा आणि नंतर सेंटओएस ८ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट २०२१ संपता संपता बंद झाला तेव्हा तर हेच काम जास्त झालं.

फाइली हलवणं सोपं असतं, आरसिंक हे फाइली कॉपी करायचं साधन लावायचं, दुसऱ्यांदा चालवलं की फक्त बदललेलंच जातं. खरी परीक्षा डेटाबेसची, आणि त्यातही मराठी मजकुराची. जुन्या बऱ्याच साइटचा डेटाबेस लॅटिन१ (युरोपीय अक्षरांसाठीची जुनी पद्धत) म्हणून बनवलेला असतो आणि आत भरलेलं असतं युनिकोड मराठी. जुन्या सर्व्हरवर ते नीट दिसतं, नव्यावर आणलं की बातमीच्या जागी डोक्यावर रेघा असलेली परदेशी अक्षरं. गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, की सगळं गेलं का हो? आम्ही सांगतो, नाही गेलं, अक्षरं विचित्र दिसतायत म्हणजे बाइट्स अजून शाबूत आहेत, डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) लॅटिन१ म्हणून काढायचा, त्यातल्या कॅरेक्टर सेटच्या सगळ्या ओळी यूटीएफ८एमबी४ (युनिकोडची पद्धत) करायच्या आणि मग इंपोर्ट करायचा, मराठी परत येतं. पण डेटाबेसमध्येच नुसती प्रश्नचिन्हं बसली असतील तर मात्र मूळ अक्षर तिथे उरलेलंच नसतं, मग जुना बॅकअप शोधणं एवढाच मार्ग. म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करू नका असं आम्ही हात जोडून सांगतो.

वर्डप्रेसचं (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणखी एक, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता बदलला म्हणून डेटाबेसची एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून नाव बदलू नका. आत सिरियलाइज केलेल्या म्हणजे एका ओळीत गुंडाळून ठेवलेल्या मजकुराची लांबी लिहिलेली असते, ती जुळली नाही की विजेट आणि थीमच्या सेटिंग गायब. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड साधनाचं सर्च-रिप्लेस हे बरोबर करतं.

डीएनएसचा (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं ती नोंद) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ते, आदल्या दिवशीच ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणतो, आणि डीएनएस बदलायच्या आधी आमच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे फक्त आमच्यापुरता, नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून सगळी साइट फिरून बघतो. पतसंस्थेच्या ईमेल त्याच सर्व्हरवर असतील तर त्यांचे मेलबॉक्स आधी, कारण साइट तासभर बंद चालते, मेल हरवलेली चालत नाही.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांचे बॅकअपही तिथेच होते त्यांचं ते पण गेलं. तेव्हापासून आम्ही बॅकअपची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात ठेवतो, आणि दर महिन्याला एक बॅकअप काढून रिकाम्या सर्व्हरवर खरंच उभा करून बघतो, लॉगिन होतंय का, फोटो दिसतायत का, जोडाक्षरं नीट आहेत का. याचे वेगळे पैसे घेत नाही.

सध्या एका दिवाळी अंकाची जुनी साइट हातात आहे, निम्मे लेख युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. सर्व्हर बदलून झालाय, आता एकेक लेख कन्व्हर्टरमधून काढून संपादकांकडे वाचायला पाठवतोय.