मामाचा शेअर आणि माझी पाणबुडी

उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा आमचा मामा परवा चहा पिताना विचारालाय, ‘त्या जहाजं बांधणाऱ्या माझगाव डॉकचा शेअर घेऊया काय रे?’ मी म्हटलं मामा, शेअर राहू दे, पाणबुडी बघ की! 15 जानेवारी 2025 ला वाघशीर नौदलात आली, कलवरी क्लासची सहावी, आणि त्याच दिवशी सुरत नि निलगिरी या युद्धनौका पण, तिन्ही तिथंच बांधलेल्या. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला अधूनमधून वर यावं लागतं, स्नॉर्केल, म्हणजे हवेची नळी, बाहेर काढून इंजिन चालवायचं, आणि तिथंच ती सापडायची भीती (आमच्या इन्व्हर्टरसारखंच, फक्त जीवावरचं). म्हणून पुढच्या सहा पाणबुड्यांना एआयपी पाहिजे, म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखालीच वीज करणारी यंत्रणा, त्यासाठी टीकेएमएस ही जर्मन कंपनी जोडीला. मामा कास्टिंगवाला, शेअर विसरला, ‘पाण्याखाली एवढ्या प्रेशरला वेल्डिंग टिकतंय कसं म्हणतो मी?’