नासरेथ ते कफर्णहूम, वहिनींबरोबर

नासरेथ समुद्रसपाटीपासून साधारण 350 मीटर उंचावर, डोंगरांच्या कुशीत. कफर्णहूम गालीलाच्या सरोवराकाठी, आणि ते सरोवर समुद्रसपाटीच्याही सुमारे 210 मीटर खाली. मधली पायवाट 65 किलोमीटरच्या आसपास. चढ लागतात, पण एकूण वाट उताराचीच. येशू नासरेथ सोडून कफर्णहूमला जाऊन राहिला, एवढंच मत्तय त्याच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सांगतो आणि पुढे जातो. त्याने ज्याला एक ओळ दिली ते पायांनी चालायचं, ही आमची वारी. 2007 साली दोघा भटक्यांनी ही वाट नीट आखली. दगडांवर, खांबांवर पांढरा-नारिंगी-पांढरा पट्टा रंगवलेला आहे. तो दिसत राहिला की वाट बरोबर आहे असं समजायचं.

माझ्याबरोबर वहिनी होत्या. त्यांचा मुलगा, माझा भाचा, रक्ताच्या कर्करोगाने गेला तेव्हा 19 वर्षांचा होता. आम्ही प्रार्थना केल्या, उपास केले, मंडळीतल्या लोकांनी रात्र-रात्र जागवल्या. तो बरा झाला नाही. त्यानंतर दादाने चर्चची पायरी चढणं सोडलं. वहिनी जात राहिल्या, पण गाणं बंद झालं. उपासनेत पहिला सूर लावणारी बाई रविवारच्या रविवार ओठ मिटून उभी राहायची. या वारीला मी दोघांनाही बोलावलं होतं. दादा म्हणाला, ‘‘मला त्याच्याशी काही बोलायचं नाही.’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘मला बोलायचंय.’’

निघायच्या आदल्या संध्याकाळी नासरेथच्या दक्षिणेच्या कड्यावर गेलो. गावकऱ्यांनी येशूला ढकलून द्यायला नेलं तो हाच डोंगर, अशी परंपरा आहे. समोर इज्रेलचं खोरं पसरलेलं, डावीकडे ताबोर डोंगर, आणि खोऱ्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव. वहिनींनी विचारलं, ते कुठलं? मी सांगितलं, नाईन. तिथेच विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा येशूने थांबवली आणि मुलगा उठून बसला. वहिनींनी गावाकडे पाठ केली. ‘‘तिथे मला नेऊ नकोस.’’ मी म्हटलं, ‘‘नाही नेणार. आपल्या वाटेवर नाहीच ते.’’

शेकडो पायऱ्या चढून नासरेथबाहेर पडलो. मार्च होता. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे डोंगर हिरवेगार आणि गवतात लाल ॲनिमोनची फुलं. रानातल्या फुलांकडे पाहा, असं येशू म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हीच असावीत असं बरेच जण मानतात. वाटेवरच्या सिप्पोरी या जुन्या शहराचे रोमन अवशेष सुंदर आहेत, पण आमचं मन तिथे रमलं नाही. आम्ही दुपारपर्यंत काना गाठलं. याच गावच्या एका लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला.

कानाच्या चर्चमध्ये देशोदेशीची जोडपी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात. आम्ही गेलो तेव्हा एक मोठा गट उभा होता, म्हातारी-म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून हसत होती. वहिनी मागच्या बाकावर एकट्या बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘‘कुणी मरत होतं का गं त्या लग्नात?’’

‘‘नाही.’’

‘‘द्राक्षारस संपला म्हणून चमत्कार केला. यजमानाची लाज राखली. आणि माझ्या पोराला रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या तेव्हा?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. असा प्रश्न ऐकला की लोक घाईघाईने काहीतरी सांत्वनाचं बोलून टाकतात, त्याचा मला मनापासून राग आहे. भाचा गेला तेव्हा घरी येणारे म्हणायचे, देवाची इच्छा. चांगली माणसं त्याला लवकर आवडतात. शुभवर्तमान उघडून पाहा. शोक करणाऱ्या कोणालाही येशूने असं सांगितलेलं नाही. येशूने ज्याला मेल्यावर उठवलं त्या लाजराच्या बहिणी रडत आल्या आणि ‘प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता’ असं तोंडावर म्हणाल्या. त्यांना त्याने दटावलं नाही. तो रडला. ज्याच्या हाती सामर्थ्य होतं, काही क्षणांत ते वापरायचंही होतं, तोही आधी रडला. वहिनींचा प्रश्न मला त्या दोन बहिणींच्या बोलण्यासारखाच वाटला, आणि तो अश्रद्धेचा नव्हे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे.

रात्री झोपायच्या आधी मात्र योहानाचं शुभवर्तमान त्यांनीच काढलं. सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी. आम्ही लिटरमध्ये हिशेब केला तर एकेक रांजण 80 ते 120 लिटरचा निघाला, म्हणजे सगळे मिळून 500 ते 700 लिटर द्राक्षारस. लग्न बरंचसं उरकत आलेलं, पाहुणे पिऊन झालेले, आणि आता हे एवढं! वहिनी आकड्याकडे पाहत राहिल्या. ‘‘गरजेपेक्षा किती जास्त आहे हे,’’ म्हणाल्या. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की देवाचा आनंद गरज मोजून येत नाही. दुःखाची भरपाई म्हणून तो मिळत असता तर त्याचं माप ठरलेलं असतं. कानाच्या त्या लग्नात कुणी कसलीही भरपाई मागितली नव्हती.

कानाच्या पुढे शेतं, ऑलिव्हच्या बागा, एका महामार्गाखालून जाणारा बोगदा. मग हत्तीनची शिंगं लागतात. विझलेल्या ज्वालामुखीची दोन टोकं, त्यांना शिंगं म्हणतात. माथ्यावर काळे दगड आणि गुडघाभर गवत. तिथून खाली गालीलाचं सरोवर पहिल्यांदा पुरतं दिसतं, निळं आणि इतकं जवळ की उतरून तासा-दोन तासांत पाय बुडवावेत.

4 जुलै 1187 रोजी याच माथ्यावर क्रुसेडरांची, म्हणजे पवित्र भूमीसाठी लढणाऱ्या युरोपी ख्रिस्ती योद्ध्यांची, फौज संपली. सिप्पोरीजवळच्या झऱ्यांपाशी त्यांचा तळ होता, तिथून ते आदल्या दिवशी निघाले. म्हणजे बरीचशी वाट आमचीच, फक्त ती जुलैच्या उन्हात आणि चिलखतं घालून. पाणी संपलं. मुस्लिम सुलतान सलादीनच्या सैन्याने सरोवराकडची वाट अडवली आणि वाळलेलं गवत पेटवून दिलं. घशाला कोरड पडलेली माणसं समोरच्या पाण्याकडे बघत मेली. आणि त्यांच्या बरोबर काय होतं? येशूला ज्यावर खिळलं तो खरा क्रूस, असं मानला जाणारा लाकडाचा तुकडा. अक्रोचा बिशप तो घेऊन रणात उतरला होता. बिशप मारला गेला, क्रूस शत्रूच्या हाती पडला.

मी त्या दगडांवर बराच वेळ बसले. ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे ठिकाण काना आणि कफर्णहूमइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि यात्रेकरूंच्या बसेस इथे थांबत नाहीत याचं वाईट वाटतं. देवाच्या सामर्थ्याचा अर्थ माणसं किती सहज उलटा करतात ते इथे उघड्यावर पडलेलं आहे. ज्या लाकडावर त्याने मारणाऱ्यांना क्षमा केली, ते लाकूड मारायला निघालेल्यांनी पुढे धरलं. आपणही लहान प्रमाणात हेच करतो. आजारपणात प्रार्थना करताना आमच्या घरात मी तो सूर ऐकला आहे: आम्ही विश्वासू आहोत, आमच्याकडे क्रूस आहे, तेव्हा आम्ही जिंकलोच पाहिजे. मूल वाचावं म्हणून देवापुढे आक्रोश करणं वेगळं. ते शंभरदा करावं. पण देव आपल्या बाजूने उभं केलेलं एक बळ आहे असं धरून चाललं, की मूल गेल्यावर देवही हरलेला दिसतो. दादाचं तसंच झालं, असं मला वाटतं. वहिनींना मी हे बोलले. त्या म्हणाल्या, ‘‘त्यांना फोनवर सांगू नकोस हं. समोर बसून सांग.’’

आर्बेलचा कडा उतरताना भीती वाटते. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्या आणि तारा धरून उलटं उतरावं लागतं. कड्यातल्या गुहांमध्ये हेरोद राजाच्या काळी बंडखोर कुटुंबांसह लपले होते. त्याने वरून साखळ्यांनी पेट्या सोडून सैनिक उतरवले. एका म्हाताऱ्याने शरण जाण्याऐवजी आपली सात मुलं स्वतःच्या हातांनी मारली, असं पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय. गालील म्हटलं की आपल्याला मेंढरं आणि मासेमारी आठवते. येशूच्या जन्माआधीच हा मुलूख रक्ताने भिजलेला होता, आणि त्याच लोकांमध्ये तो वाढला.

मी आधी उतरले, वहिनी माझ्या वर. त्यांचे पाय थरथरताना मला दिसत होते. एका कडीवर त्या थांबल्या आणि गायला लागल्या. जुनं मराठी भजन, रविवारच्या शाळेतलं, धाप लागल्यामुळे ओळी तुटत होत्या. घाबरून त्यांनी ते धरलं होतं, खाली येईपर्यंत सोडलं नाही. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं आणि गाणं थांबलं असतं.

खाली सरोवराकाठी गिनोसारला एक होडी जपून ठेवली आहे. 1986 मध्ये दुष्काळाने पाणी मागे हटलं तेव्हा दोघा कोळी भावांना ती चिखलात सापडली. सुमारे 8 मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, येशूच्या काळच्या आसपासची. तिच्या फळ्या मी अगदी जवळून पाहिल्या. वेगवेगळ्या जातींचं लाकूड आहे. ठिगळावर ठिगळ, जुन्या होडीच्या फळ्या काढून बसवलेल्या. नवं लाकूड परवडत नसलेल्या माणसांची होडी ती. काठ कमरेपेक्षा थोडा वर. भोवतालच्या डोंगरांवरून थंड वारा या खोलगट सरोवरात अचानक उतरतो आणि बघता बघता लाटा उठतात. अशा वेळी या काठावरून पाणी आत यायला कितीसा वेळ लागणार?

आणि तो अशाच एका होडीत मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. शिष्यांनी त्याला हलवून विचारलं, आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? वादळ शमवण्याची गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून सांगतो. त्या फळ्यांपुढे उभं राहिल्यावर मला तिची सुरुवात जास्त दिसायला लागली. वाऱ्याला गप्प करू शकणारा त्याच ठिगळांच्या होडीत बसला होता. किनाऱ्यावर उभं राहून त्याने हुकूम सोडला नाही. होडी बुडाली असती तर तोही त्याच पाण्यात होता. वहिनींनी काचेजवळून विचारलं, ‘‘तू म्हणतेस तो आमच्या होडीत होता. मग उठला का नाही?’’ मी म्हटलं, ‘‘मला माहीत नाही, वहिनी. होता एवढं मी मानते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मीही मानते. म्हणूनच तर राग येतो.’’

आशीर्वचनं म्हणजे येशूची ‘ते धन्य’ म्हणणारी वाक्यं. त्यांच्या डोंगरावरचं चर्च 1938 चं, आठ आशीर्वचनांसाठी आठ बाजूंचं. जे शोक करतात ते धन्य, या वाक्याशी मी वर्षानुवर्षं झगडले आहे. वहिनी तिथे जास्त थांबल्या नाहीत, मीही नाही. उन्हात बागेत एक फेरी मारली आणि खाली उतरलो.

कफर्णहूममध्ये सभास्थानाचे पांढऱ्या दगडाचे खांब उभे आहेत. ते नंतरच्या शतकांतलं बांधकाम, पण पायाशी काळ्या बसाल्टचा जुना थर दिसतो. याईर याच गावच्या सभास्थानाचा अधिकारी असावा. त्याची 12 वर्षांची मुलगी मेली आणि येशूने तिचा हात धरून तिला उठवलं. मला वाटलं होतं वहिनी इथेही पाठ करतील. त्यांनी मार्कचं शुभवर्तमान काढलं आणि पाचवा अध्याय मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. तिला खायला द्या, असं तो सांगतो तिथे त्या हसल्या. ‘‘आईला सुचायच्या आधी यालाच सुचलं.’’

मग पुस्तक मिटून म्हणाल्या, ‘‘ही मुलगी पुढे कधीतरी मेलीच असेल ना?’’

‘‘मेलीच असणार.’’

‘‘नाईनचा तो मुलगा, लाजर, सगळेच.’’

‘‘सगळेच.’’

‘‘म्हणजे त्यांच्या आयांना जे मिळालं ते थोडे दिवसच होतं. मला वाटायचं त्यांना सगळं मिळालं आणि मला काहीच नाही.’’

आम्ही काळ्या दगडांवर बसून बराच वेळ बोललो. याईरच्या घरात जे दिसलं ती नुसती चुणूक होती. खरं सामर्थ्य यरुशलेमेबाहेरच्या कबरेत दिसलं. मरण पुढे ढकलून नव्हे, त्यातून जाऊन. आणि तिथून तो उठला तेव्हाही हातांवरचे खिळ्यांचे व्रण पुसलेले नव्हते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. देवाला ते पुसता आले नसते का? त्याने ठेवले. वहिनींना हे फार महत्त्वाचं वाटलं. पोराच्या दंडावर सुयांच्या खुणा होत्या, त्या नुसत्या मिटून जाणार असतील तर मला तो स्वर्ग नको, असं त्या म्हणाल्या.

बसथांब्यावर त्यांनी दादाला फोन लावला. नाईनचं किंवा याईरचं काही सांगितलं नाही. कानाच्या रांजणांचा हिशेब सांगितला. पलीकडून दादा काही वेळ बोलला नाही, मग त्याने विचारलं, भरलेला दगडी रांजण उचलायला किती माणसं लागत असतील? वहिनी म्हणाल्या, उचलायचा कशाला, पाणी तर आणून ओतलं होतं ना. दादा म्हणाला, मग विहिरीवर खेपा किती झाल्या असतील ते सांग. तीन वर्षांत आमच्या घरात शुभवर्तमानावर झालेलं हे पहिलं बोलणं. बस आली तरी त्यांचं संपेना, शेवटी दोघींच्या पिशव्या मीच चढवल्या.