अजून गोळी चालूच आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हो, नैराश्यावरची गोळी चालू आहे. अकरावं वर्ष. ‘बंद कधी करणार?’ असं मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ‘एवढी वर्षं केमिकल पोटात घालायचं म्हणजे...’ असं म्हणणारी. त्यांना मी ‘बघू’ म्हणतो. दुसरी हळू आवाजात विचारतात, बाकीचे उठून गेल्यावर. त्यांच्या पर्समध्ये स्वतःची पट्टी असते. हे त्यांच्यासाठी.

सोडावीशी वाटायला मला कारण होतं. सहाव्या वर्षी बहिणीला मुलगी झाली. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आता आनंद व्हायला हवा, हे मला कळत होतं. होत नव्हता. नैराश्य गेलं होतं, पण जाताना बाकीचंही बरंच घेऊन गेलं होतं. आणि हे गोळीमुळे, असं मी माझं मीच ठरवून टाकलं.

डॉक्टरांना न सांगता एका सोमवारी एस्सिटालोप्रामची 10 मिलिग्रॅमची गोळी बंद केली. तीन दिवस काही नाही. उगाच इतकी वर्षं घेत बसलो, असंही वाटून गेलं. चौथ्या दिवशी दाराला कुलूप लावलं, जिन्याकडे मान वळवली आणि डोक्यात करंट बसला. दुखलं नाही, पण क्षणभर सगळं तुटून पुन्हा जोडल्यासारखं झालं. मग डोळे नुसते बाजूला फिरवले तरी तेच. भोवळ, मळमळ, भडक स्वप्नं. आणि रडू! साबणाच्या जाहिरातीला रडलो. (पहिल्यांदा रडलो तेव्हा खरं तर बरं वाटलं होतं.) नवव्या दिवशी गोळी घेतली, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळं गायब. आजार उलटला, आता ही जन्मभराची, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

तो चुकीचा होता. डॉक्टर रागावतील वाटलं होतं, त्यांनी एवढंच विचारलं, “हे करंट तुम्हाला मूळ आजारात कधी यायचे का?” कधीच नाही. गोळी बंद केल्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो, त्यात आधी कधी नसलेल्या गोष्टी असतात आणि गोळी परत घेतली की तो बऱ्याचदा चटकन ओसरतो. आजार उलटतो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, ओळखीच्या पावलांनी. ही फोड दर वेळी इतकी सोपी नसते. पण मला ती कोणी आधी सांगितली असती, तर पाच वर्षांपूर्वीच शहाणा झालो असतो.

दुसरी गोष्ट गोळी अर्धी करण्याची. अर्धी गोळी म्हणजे अर्धा परिणाम, हा हिशेब इथे चालत नाही. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 साली ‘लॅन्सेट सायकायट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं. माझ्या औषधाचं सख्खं भावंड असलेलं सिटालोप्राम 20 मिलिग्रॅम घेतलं, तर मेंदूतल्या ज्या जागांवर ते बसतं त्यातल्या सुमारे 80 टक्के भरतात. 5 मिलिग्रॅमलाही निम्म्याहून जास्त भरलेल्याच राहतात. म्हणजे वरच्या पायऱ्या बुटक्या, आणि शेवटच्या पायरीखाली एकदम खड्डा. मोठ्या डोसवरून खाली येताना ‘सोपंच आहे की’ म्हणणारे शेवटच्या तुकड्याला आपटतात ते म्हणून.

आकडे हवे असतील तर इंग्लंडमधली 2021 सालची ‘अँटलर’ चाचणी बघा. गोळी सोडायचा विचार करण्याइतपत बरं वाटणारी 478 माणसं. वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांचा. यावरून ‘सोडू नका’ म्हणणारे भेटतात. मला त्यात 44 टक्के माणसंही दिसतात, ज्यांचा आजार सोडूनही वर्षभरात उलटला नाही. शिवाय तिथे गोळी दोनेक महिन्यांत उतरवली होती. मला ती घाई वाटते.

हे सगळं नैराश्याच्या गोळ्यांचं. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम, किंवा झोपेसाठी, घबराटीसाठी दिलेल्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांचा मामला वेगळा. लिथियम तडकाफडकी थांबवलं तर उन्माद उसळू शकतो, क्लोनाझेपाम थांबवलं तर फिट येऊ शकते. तिथे माझा अनुभव वापरू नका.

सोडायच्या दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्याच औषधाचे थेंब दिले. माझ्या बाटलीत एक थेंब म्हणजे एक मिलिग्रॅम. दहावरून पाचवर आरामात आलो, पुढे एकेक थेंब उतरायला दोन-दोन महिने. बहिणीला एक काम देऊन ठेवलं होतं. आजारी पडायला लागलो की मी आधी फोन उचलणं सोडतो. उदास वगैरे वाटणं नंतरचं, आणि ते मला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. दोन थेंबांवर येऊन पाच आठवडे झाले होते, करंट नव्हते, मी खूश होतो. तिचा मेसेज आला, “दादा, चौथा मिस्ड कॉल.”

डॉक्टरांशी बोलून तीनवर परत गेलो. दीड वर्ष झालं, तिथेच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा उतरून बघेन, कदाचित नाही. परवा भाचीचा पहिला दात पडला. ते मला सांगायला तिने फोन केला, तो मी पहिल्याच रिंगला उचलला.